क्यू, यू, ई

मनामात, सोनारगल्लीच्या मागच्या अंगाला
पितळी अक्षरं कापायचं आमचं दुकान.
भाव अक्षरावर. दीड दिनार नग,
उच्चार होवो न होवो.

हे मला पहिल्याच महिन्यात कळलं.
बुटिकचा बोर्ड होता. मी कानाला विचारलं,
कान म्हणाला, शेवटी के.
कुंजप्पन मालकांनी बोर्ड पाहिला, बोलले नाहीत,
पगारातून पितळ वळतं केलं.
तेव्हापासून मी कानाला विचारत नाही.

जुन्या बिलबुकाच्या पाठीवर लिहू लागलो
शेपटीवाले शब्द. शेपटीत क्यू, यू, ई.
पहिला तोंड उघडतो, मागचे दोघे
नवऱ्यामागं उभ्या करवल्यांसारखे,
नटून गप्प.

टॉर्क म्हणजे पीळ.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही,
हे गॅरेजवाल्या जासिमला हिंदीत सांगताना
माझी जीभच पिळवटली.
ब्रस्क, तुसडं. ओपेक, आरपार न दिसणारं,
उदाहरणार्थ जुलैतली इथली हवा, किंवा कुंजप्पन.
क्लाक म्हणजे टाळ्या वाजवायला
पैसे देऊन बसवलेली माणसं. हे वाचून
परकारच्या नाकात चहा गेला. म्हणाला,
निवडणुकीला गावी ये, दाखवतो.
प्लाक म्हणजे दारावरची पाटी
आणि दातांवरचं कीटणही.
कॅटाफाल्क, शवपेटी ठेवायचा चौथरा.
शब्द लिहिला तेव्हा अर्थ लिहिला नव्हता,
परकारच्या खोलीतला अन्वर
त्याच आठवड्यात कार्गोनं गेला होता.

आणि कैक. कैक म्हणजे होडी,
कुठल्या तरी दुसऱ्या समुद्रातली.
इथल्या होड्यांना इथले लोक वेगळंच म्हणतात.
आमच्यात कैक म्हणजे पुष्कळ.
दोन्ही अर्थ शेजारी शेजारी लिहिले.
त्या एका ओळीत गुहागरची निम्मी आळी बसली.

मार्चमध्ये मुहर्रकहून मुनीराबाई आल्या.
दागिन्यांचं दुकान काढत होत्या, नाव बरोक.
मी सवयीनं बोटं मोजली. सात अक्षरं,
साडेदहा दिनार, शेवटची दोन ऐकू येत नाहीत, पण.
त्या हसल्या. पर्समधून कागदाची पुडी काढली.
आत मोती. मोती कसला,
चावून थुंकलेला हरभरा.
त्यांचे आजोबा पाणबुडे. नाकाला चिमटा,
पायाला दगड, वर दोर धरणारा भाऊ.
चांगले मोती विकले गेले, मुंबईलाच गेले, म्हणाल्या,
हा वाकडा, म्हणून घरात उरला.
असल्या मोत्यावरूनच तो शब्द आला म्हणे.
मी वहीत लिहिलं: बरोक,
न खपलेला.
मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

रात्री फोनवर शलाका, इयत्ता पाचवी,
स्पेलिंग पाठ करून वैतागलेली.
बाबा, बोलायचंच नाही तर लिहायचं कशाला?
दीड दिनाराचं उत्तर तयार होतं.
दिलं नाही.

अण्णांची पत्रं आठवली, बोटीवरून यायची.
गांव, नांव, घरांत, दारांत,
प्रत्येक शब्दावर टिंब.
शाळेत मास्तर ती टिंबं लाल शाईनं काटायचे,
आता नसतात म्हणायचे.
मी पत्र मोठ्यानं वाचायचो, नाकातून,
गांऽऽव, नांऽऽव, आणि आई रागवायची.
अण्णा सुट्टीवर आले, त्यांनीही ऐकलं.
काही बोलले नाहीत.
पुढच्या पत्रातही सगळी टिंबं होती,
एकही कमी नाही.

सकाळी मुहर्रकला शिडीवर चढलो.
बी, ए, आर, ओ, क्यू, यू.
ई लावताना एक स्क्रू कमी पडला.
परकार खालून ओरडला, राहू दे रे,
दोन स्क्रूंवर टिकेल,
तसंही कुणाला ऐकू येणार आहे?
मी उतरलो, दुकानात गेलो,
स्क्रू घेऊन परत आलो.
जाऊन येऊन चाळीस मिनिटं.